बारांपैकी चार शब्द

ऑगस्ट उजाडला की ऑल्डरी गावात दोनच विषय चालत. एक, मक्याला पाणी पुरेल का. आणि दुसरा, वेल्डन कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ यंदा काय दिवे लावणार. त्या वर्षी मक्याची कुणाला पर्वा उरली नव्हती. साखळीतल्या आठ कॉलेजांच्या प्रशिक्षकांनी हंगामापूर्वी जो अंदाज वर्तवला, त्यात वेल्डनचे नाव सर्वांत वर होते. सव्वीस वर्षांत असे घडले नव्हते. पुढच्या फळीतले पाचही धिप्पाड गडी अनुभवी, बचावाची बाजू भक्कम, आणि या सर्वांच्या मागे उभा राहून चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणजे क्ले उन्रू, गावापासून चौदा मैलांवरच्या गव्हाच्या शेतातला घरचा मुलगा. किराणा दुकानाच्या काचेवर त्याचे चित्र लागले होते. चर्चमध्ये पाद्र्याने प्रवचनात त्याचे नाव घेतले, तेव्हा लोकांनी मान डोलावली होती.

मर्नाबाई डीट्झ रोज सकाळी सहाला लोरेटाच्या खानावळीत दोन अंडी आणि कोरी कॉफी घेत. चौतीस वर्षे त्या वेल्डनच्या ट्रेनर होत्या. घोट्यांना पट्ट्या बांधणे, सुजेवर बर्फ लावणे, मोडलेले हाड ओळखणे ही त्यांची कामे. परंतु त्यांचा खरा अधिकार एका कागदावर होता. 'खेळण्यास योग्य' अशी त्यांची सही असल्यावाचून कुणालाही मैदानात पाऊल टाकता येत नसे, आणि ती सही मिळवून देणे कोणत्याही प्रशिक्षकाच्या हातात नव्हते. आजवर सहा प्रशिक्षक आले आणि गेले. मर्नाबाई तिथेच होत्या.

"काय मर्ना, आपल्या पोराचा हात कसा आहे?" शेजारच्या टेबलावरून हार्वी क्लासेनने विचारले. धान्याच्या कोठारावर जन्म काढलेला हा म्हातारा टोपी न काढता जेवत असे, आणि मर्नाबाईंना ते मुळीच खपत नसे.

"कुठल्या पोराचा? माझ्याकडे एकशे चार पोरं आहेत. दोनशे आठ हात."

"तुला माहितेय कुठल्या."

"माहितेय. म्हणूनच सांगणार नाही. आणि टोपी काढ."

"ऐकलंत?" हार्वीने टोपी काढून इतरांना साक्षीला घेतले. "चौतीस वर्षांत या बाईच्या तोंडून एक बातमी फुटली नाही. हिला सरकारने हेरखात्यात घ्यायला हवी होती."

"घेतलीही असती. पण तुझ्यासारख्यांची बडबड ऐकायला लागली असती, म्हणून मी गेले नाही."

खानावळ हसली. मर्नाबाई हसल्या नाहीत, परंतु त्यांना बरे वाटले. यंदाचा संघ खरोखरच चांगला होता, आणि तो चांगला असल्याचा अभिमान त्यांनाही होता. तो कुणाला दाखवायचा नाही, एवढीच त्यांची शिस्त.

त्याच सोमवारी खेळाडूंच्या तपासण्या झाल्या. हंगामाच्या आरंभी प्रत्येकाच्या स्मरणाची चाचणी घेण्याचा नियम होता. मर्नाबाई बारा शब्द वाचून दाखवत, मग वीस मिनिटे इतर प्रश्न विचारत, आणि शेवटी ते बारा शब्द पुन्हा विचारत. पुढे सामन्यात कुणाच्या डोक्याला मार बसला, तर तीच चाचणी पुन्हा घ्यायची आणि आकडे ताडून पाहायचे. आकडा घसरला, की खेळाडू बाहेर.

मुले अर्थातच हुशार होती. जुने खेळाडू नव्यांना पहिल्याच दिवशी कानमंत्र देत: ऑगस्टमध्ये मुद्दाम मठ्ठ व्हायचे, म्हणजे ऑक्टोबरात खरोखर मठ्ठ झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. हे नाटक मर्नाबाईंना चांगले ठाऊक होते. नाटक करणारा मुलगा विचार करण्याचा देखावा जरा जास्तच करतो, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते. अशा पोराला त्या सर्वांसमोर उभा करीत, त्याची यथेच्छ हजेरी घेत आणि कोरा कागद पुढे सरकवून चाचणी पुन्हा घेत. या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकत नाही, अशी त्यांची खात्री होती, आणि ती बहुतेक वेळा खरी ठरे.

क्ले उन्रू समोर बसला तेव्हा त्याच्या मागे पंधरावीस मुले रांगेत होती.

"होडी," क्ले म्हणाला. "साखर. पूल." मग त्याने डोळे मिटले. "चष्मा. आणि... घोडा."

"घोडा यात नव्हता."

"नव्हता का?"

"चार. बारांपैकी चार." मर्नाबाईंनी पेन खाली ठेवले. "गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून अकरा सांगितले होतेस. तीनशे चाली पाठ असणारा मुलगा तू. काय झालं, उन्हाळ्यात डोकं शेतात पेरून आलास?"

रांगेत हशा पिकला. क्लेही हसला, पण इतरांचे हसून झाल्यावर.

"कुणी शिकवलं हे?"

"सगळेच करतात, बाई."

"सगळे करतात ते नवखे असतात. तू या संघाचा कर्णधार. तुझं चित्र दुकानात लागलंय, म्हणून तुला वाटलं म्हातारीला गुंडाळता येईल? लाज वाटली पाहिजे!"

"हो, बाई. चुकलं माझं."

"रोज सकाळी बर्फाच्या टाक्या तू भरशील. आठवडाभर. मग शनिवारच्या आत माझ्यासमोर बसून शहाण्यासारखी चाचणी देशील. ऊठ."

एवढा कमी आकडा आला, तर चाचणी त्याच दिवशी पुन्हा घ्यावी, असा नियम होता. तो नियम मर्नाबाईंनीच लिहिला होता. परंतु रांग लांब होती, ऊन तापत होते, आणि उघड्या थट्टेसाठी दुसरा कागद खर्च करणे म्हणजे त्या पोराची आणखी एक हौस पुरवणे, असे त्यांना वाटले. त्यांनी सही केली.

मंगळवार, बुधवार, गुरुवार असे दिवस गेले. क्ले पहाटे येऊन टाक्या भरी, निमूटपणे. सरावात क्वार्टरबॅकच्या अंगात लाल सदरा असतो. लाल सदऱ्याला कुणी पाडायचे नाही, असा दंडक. तरी गुरुवारी गर्दीत त्याच्याच बाजूचा एक गडी पाय अडकून त्याच्यावर कोसळला आणि क्लेचे हेल्मेट जमिनीवर आपटले. तो लगेच उठला, हात वर करून ठीक असल्याची खूण केली. मर्नाबाई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी अंगठ्याला पट्टी गुंडाळत होत्या. त्यांनी ती खूण पाहिली आणि पट्टी पूर्ण केली.

शुक्रवारी दुपारी मात्र त्यांच्या मनात काहीतरी खटकले.

प्रत्येक चालीपूर्वी खेळाडू कोंडाळे करीत, क्वार्टरबॅक चाल सांगे, मग सगळे आपापल्या जागी जात. मध्यभागी वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देणारा सेंटर होता सेमीसी ताऊफा, युटा राज्यातून आलेला, मूळचा टोंगा बेटांवरचा मुलगा, रुंदीने दरवाजाएवढा. वाकण्यापूर्वी तो मान वळवून क्लेला काहीतरी सांगत होता. एकदा पाहिले, दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा मर्नाबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. क्लेच्या डाव्या मनगटावर चालींची यादी असलेला पट्टा होता. गेल्या वर्षी हाच मुलगा असला पट्टा घालायला तयार नव्हता. चाली ज्याला पाठ नाहीत त्याने तो घालावा, असे तो प्रशिक्षकांना तोंडावर म्हणाला होता.

पाणी प्यायची शिट्टी झाली.

"सेमीसी! इकडे ये. घोटा दाखव."

"घोटा ठीक आहे, बाई."

"ठीक आहे का, असं मी विचारलं? दाखव म्हटलं."

तो बाकावर बसला, बाक करकरला. मर्नाबाईंनी त्याच्या बुटाची नाडी सोडायला घेतली आणि मान वर न करता विचारले, "चेंडू देण्याआधी मागे वळून काय बोलतोस?"

"प्रार्थना करतो."

"दर चालीला?"

"आम्ही टोंगाचे लोक फार धार्मिक आहोत, बाई."

"तुझ्या आजीचा नंबर आहे माझ्याकडे. तिला विचारते, मैदानात वळून वळून करायची प्रार्थना कोणती ती."

सेमीसीच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्याने दूरवर पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या असलेल्या क्लेकडे पाहिले. क्ले एकटा उभा होता, हेल्मेट काढले होते आणि उन्हाकडे पाठ होती.

"चाल सांगतो," सेमीसी म्हणाला. "कोच बाहेरून नंबर दाखवतात. तो बघतो. कोंडाळ्यात येईपर्यंत नंबर जातो त्याच्या डोक्यातून. नंबरच गेला तर पट्टा बघून काय उपयोग? मग मी बघून ठेवतो. आणि अर्ध्यातच विसरला तर परत सांगतो."

"कधीपासून?"

"आल्यापासून. आधी आम्हाला वाटलं ऊन लागलं. मग वाटलं पोरीबिरीचं काही असेल."

"आम्ही म्हणजे कोण?"

"पुढच्या फळीतले. पाचही जण."

"पाच जण! आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. माझ्याकडे का नाही आलात?"

"तुम्ही त्याला बाहेर बसवलं असतं."

"बसवलंच असतं!"

"म्हणूनच, बाई." तो खाली बघत होता. "काल त्याच्यावर पडलो तो मीच."

मर्नाबाईंनी सुटलेली नाडी पुन्हा बांधली.

क्लेला त्यांनी आपल्या खोलीत बोलावले आणि दार लावून घेतले. नवे बारा शब्द वाचले. इतर प्रश्न विचारले. वीस मिनिटांनी क्लेने तीन शब्द सांगितले, आणि लगेच म्हणाला, "बाई, मी नाटक करतोय. तसंच, सोमवारसारखं."

"असं?"

"हो. सवय झाली. सॉरी."

"ठीक आहे. मग नाटक सोड. मी पुन्हा वाचते, मध्ये एकही प्रश्न विचारत नाही, वीस मिनिटंही थांबत नाही. सगळे बरोबर सांग. उद्या लाल सदरा उतरवून सराव-सामना आहे. बरोबर सांगितलेस तर तू खेळशील. माझा शब्द."

त्यांनी शब्द वाचले, सावकाश, शाळेतल्या पोराला वाचून दाखवावे तसे. क्लेने टेबलाची कड धरली. कपाळावरून घाम ओघळला. खोलीत गारवा होता.

"मेणबत्ती," तो म्हणाला. "मेणबत्ती... दोर..." आणि मग तो मर्नाबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिला, जणू पुढचा शब्द तिथे लिहिलेला असावा.

त्यांनी शब्दांचा कागद बाजूला सारला आणि विचारले, "डोकं कधी आपटलं, राजा?"

जूनमध्ये, गव्हाच्या कापणीत, तो ट्रकच्या मागच्या फळीवरून खाली पडला होता. आईने सावलीत निजवले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा यंत्रावर चढला, कारण गहू उभा होता आणि आभाळ भरून आले होते. तेव्हापासून डोके दुखे. उजेड सोसत नसे. पण चेंडू फेकायला लागले की हात आपोआप चाले, आणि हात चालतोय तोवर सगळे ठीक आहे, असे त्याला वाटले.

"बाई, पहिल्या सामन्याला पंधरा दिवस आहेत," तो म्हणाला. "तोवर होईल ना ठीक?"

मर्नाबाईंनी कोरा कागद ओढून त्यावर काही ओळी लिहिल्या आणि त्याची प्रत काढली. त्या उठल्या आणि प्रशिक्षकांच्या खोलीकडे निघाल्या.

मुख्य प्रशिक्षक रॉइस हॅस्केल फळ्यासमोर उभा होता. वय सेहेचाळीस, आणि मर्नाबाईंच्या लेखी अजून कच्चा; पण माणूस प्रामाणिक. चार वर्षांपूर्वी मोठ्या कॉलेजचे बोलावणे नाकारून तो इथे राहिला होता, याच संघासाठी, याच हंगामासाठी. फळ्यावर अकरा नावे होती आणि क्लेच्या नावाभोवती चौकट.

"पुस ते नाव," मर्नाबाई म्हणाल्या.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग खुर्चीत बसला. "उद्याचा दिवस सोडू. दोन आठवडे विश्रांती देऊ. लाल सदराही नको, नुसता बाजूला उभा राहील. पहिल्या सामन्याला..."

"पहिल्या नाही, दुसऱ्या नाही. उद्या सकाळी मी त्याला विचिटाला मोठ्या इस्पितळात नेतेय. डॉक्टर सांगेल ते."

"आणि मी कुणाला उभा करू? त्या डेलानीला? काल त्याने फेकलेला चेंडू बँडवाल्यांच्या ढोलात गेला!"

"तर मग ढोल बाजूला ठेवायला सांग."

"मर्नाबाई, ही थट्टेची वेळ नाही."

"मी थट्टा करत नाहीये, रॉइस."

तो उठून खिडकीशी गेला. पाठ फिरवूनच बोलला, आणि आवाज चढवला नाही, त्यामुळे ते अधिक लागले. "सोमवारी सही तुम्हीच केलीत. 'खेळण्यास योग्य.' माझ्याकडे आहे तो कागद. तुमच्या सहीवर मी त्याला चार दिवस पळवला. काल तो पडला तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी सराव पुढे चालू करायची शिट्टी वाजवली."

"सही माझीच. चुकीची होती." मर्नाबाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "चाचणी त्याच दिवशी पुन्हा घ्यायला हवी होती. मी घेतली नाही, कारण मला वाटलं मला सगळं कळतं. हे मी यात लिहिलंय. एक प्रत तुझी, एक कॉलेजच्या अध्यक्षांची. त्यांना मला काढायचं असेल तर काढू देत. पण तोवर ट्रेनर मी आहे, आणि ते नाव तू पुसणार आहेस."

हॅस्केलने कागद वाचला. मग फडके घेऊन फळ्यापाशी गेला आणि हात वर करून तसाच उभा राहिला.

"आपण पहिले होतो, मर्नाबाई."

"कागदावर."

"कागदावर तरी होतो."

त्याने नाव पुसले. चौकट तशीच राहिली, रिकामी, आणि तिच्यात काय लिहावे हे दोघांनाही सुचेना.

शनिवारी सकाळी मर्नाबाईंच्या जुन्या गाडीत पुढे क्ले आणि मागे त्याची आई आयलीन बसली. शेते कापून पिवळी पडली होती. विचिटा दोन तासांवर होते. आयलीनने एकदा म्हटले, "मला वाटलं होतं, झोपला की उतरेल," आणि मर्नाबाई म्हणाल्या, "सगळ्यांनाच वाटलं होतं."

डॉक्टर तरुण होती, स्पष्ट बोलणारी. कवटीखाली रक्त साकळले होते. मूळ जखम जूनची, पण त्यात नव्या रक्ताचीही रेघ दिसत होती, चारपाच दिवसांहून जुनी नसलेली. सोमवारी शस्त्रक्रिया. जगेल, बहुधा बराही होईल. फुटबॉल मात्र या वर्षी नाही, आणि पुढे कधी, हे विचारू नका. आज सराव-सामन्यात आणखी एक धक्का बसला असता, तर आपण या खोलीत बसून बोलत नसतो. आयलीन रडू लागली. मर्नाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि 'नव्या रक्ताची रेघ' हे शब्द मनात पुन्हा म्हटले. ते लक्षात ठेवण्यासाठी त्यांना कोणताही कागद लागणार नव्हता.

दुपारी आयलीन घरी फोन करायला बाहेर गेली. ऑल्डरीत एव्हाना बातमी पोहोचली होती. खानावळीत यंदाच्या हंगामाचे सुतक सुरू झाले असणार, आणि त्याचा दोष कुणाच्या माथी येईल हे मर्नाबाई जाणून होत्या. त्याचे त्यांना काही वाटत नव्हते. त्या क्लेच्या पलंगाशी, पायाच्या बाजूला, उभ्या होत्या. आजाऱ्याजवळ ट्रेनरने उभे राहावे, असा त्यांचा शिरस्ता.

"क्ले," त्या म्हणाल्या, "सोमवारी मी तुला सगळ्यांसमोर बोलले. मी चुकले. तू खोटं बोलत नव्हतास."

क्लेने उशीवर मान वळवली. तो रागावेल, तोंड फिरवील, यासाठी त्या तयार होत्या.

"नाही, बाई, उलट बरं झालं होतं," तो म्हणाला. "मला शब्द खरंच आठवत नव्हते. मी खूप घाबरलो होतो. मग तुम्ही ओरडलात, आणि एकदम हलकं वाटलं." तो शब्द जुळवत थांबला. "मला वाटलं, बाईंना कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. बाई म्हणतायत नाटक, तर मग मी नाटकच करत असणार."

मर्नाबाईंनी हात मागे करून चाचपडत खुर्ची शोधली, आणि त्या बसल्या.